रोपवाटिकेपासून खड्ड्यापर्यंत: भारतातील वनीकरणाच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित भाग

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, जुलै महिन्यात तुमच्या महाविद्यालयातही वृक्षारोपणाचा कार्यक्रम होत असेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या वतीने खड्डे खणले जातात, टेम्पोतून रोपे येतात, पाहुण्यांच्या हस्ते एक रोप लावले जाते, फोटो निघतात. पुढच्या वर्षी त्याच जागेवर गेल्यास यांपैकी किती रोपे जिवंत दिसतात, याचा अनुभव तुम्हांपैकी अनेकांना असेल. रोप वाळले की आपण म्हणतो, पाणी घातले नाही, जनावरांनी खाल्ले, जमीनच वाईट होती. ही कारणे खरी असतात. परंतु पुष्कळदा रोप लावण्यापूर्वीच अर्धमेले झालेले असते. रोपवाटिकेतून उपटल्यापासून खड्ड्यात पडेपर्यंतच्या काही तासांत किंवा काही दिवसांत त्याचे भवितव्य बरेचसे ठरून गेलेले असते.

या पाठात आपण याच मधल्या काळाचा इतिहास पाहणार आहोत. वनांच्या इतिहासाच्या पुस्तकांत कायदे, आरक्षित वने, आंदोलने आणि लाकडाचा व्यापार यांविषयी भरपूर वाचायला मिळते. रोपे कशी उपटली, कशात बांधली, किती दिवस ठेवली, कोणी वाहून नेली, याविषयी मात्र क्वचितच काही आढळते. तरीही कोणत्या जातीची वने वाढली, कोठे वाढली आणि सरकारी कागदांवरील आकड्यांचा अर्थ काय, हे समजण्यासाठी हा भाग माहीत असणे आवश्यक आहे.

रोप वाटेत का मरते?

इतिहासाकडे वळण्यापूर्वी थोडे वनस्पतिशास्त्र समजून घेऊ. रोप जमिनीतून पाणी शोषते ते मुख्यतः टोकाकडील बारीक, कोवळ्या मुळांनी आणि त्यांवरील सूक्ष्म मूलरोमांनी. रोप वाफ्यातून उपटले की ही बारीक मुळे तुटतात आणि मूलरोम जवळजवळ सर्व नष्ट होतात. उरलेली मुळे उन्हात आणि वाऱ्यात उघडी राहिली तर अगदी थोड्या वेळात सुकू लागतात. वर पाने मात्र पूर्वीसारखीच बाष्प बाहेर टाकत असतात. म्हणजे खर्च चालू असतो आणि आवक बंद झालेली असते. रोप पुन्हा उभे राहते ते नवी मुळे फुटल्यावरच, आणि नवी मुळे फुटण्यासाठी त्याच्या अंगात साठवलेले अन्न शिल्लक असावे लागते. रोप अंधारात, उष्णतेत किंवा दाटीवाटीने ठेवले की हे अन्न श्वसनात खर्च होते. बाहेरून हिरवे दिसणारे रोप आतून रिकामे झालेले असू शकते.

यावरून या इतिहासातील मूळ प्रश्न सहज मांडता येतो. उपटणे आणि लावणे यांमधील काळ सोसण्यासाठी रोपाला कसे तयार करायचे? जगात याला स्थूलमानाने चार उत्तरे मिळाली. रोपाऐवजी बीच नेणे. रोप मातीसकट नेणे. रोपाची पाने काढून टाकून नेणे. आणि रोप सुप्तावस्थेत असताना थंडीत साठवून नेणे. भारतात यांपैकी पहिली तीन उत्तरे प्रामुख्याने वापरली गेली. चौथे उत्तर समशीतोष्ण देशांचे आहे. ही उत्तरे कोणत्या परिस्थितीत निघाली ते आता क्रमाने पाहू.

निलंबूर: बियापासून रोपापर्यंत

भारतातील योजनापूर्वक केलेल्या सागलागवडीची सुरुवात केरळातील निलंबूर येथे झाली. त्या वेळी हा भाग मद्रास इलाख्यातील मलबार जिल्ह्यात होता. मलबारच्या सागाला जहाजबांधणीसाठी मोठी मागणी होती आणि मुंबईच्या गोदीतही हे लाकूड वापरले जाई. बेसुमार तोडीमुळे नदीकाठचा साग संपत आला, तेव्हा 1840 च्या दशकात मलबारचे कलेक्टर एच. व्ही. कोनोली यांनी लागवडीचा प्रयोग हाती घेतला. प्रत्यक्ष काम चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याने उभे केले.

सुरुवातीचे प्रयत्न फसले, कारण सागाचे बी उगवतच नव्हते. सागाच्या फळाचे कवच कठीण असते आणि नैसर्गिक स्थितीत ते उगवायला बराच काळ लागतो. बी निरनिराळ्या प्रकारे हाताळून पाहिल्यावर, ते भिजवून वाफ्यात पेरणे, वाफा सतत ओला ठेवणे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी कोवळी रोपे जागेवर लावणे ही पद्धत यशस्वी झाली. 1846 साली लावलेल्या सागाचा एक भाग आजही चालियार नदीच्या काठी 'कोनोली प्लॉट' म्हणून जतन केलेला आहे. निलंबूरला 1995 साली सागाचे संग्रहालयही सुरू झाले.

या कथेत बी उगवण्याच्या भागाचे कौतुक नेहमी होते. आपण दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष देऊ. निलंबूरची पद्धत चालली, कारण लागवड पावसाच्या सुरुवातीला होत होती, त्यामुळे नाजूक रोपाला ओली हवा आणि ओली जमीन मिळत होती. जेथे वाफे लांब होते किंवा पाऊस उशिरा येत होता, तेथे अशी कोवळी, उघड्या मुळांची रोपे टिकण्याची शक्यता फारच कमी होती. म्हणजे यश जितके बियाच्या ज्ञानाचे होते, तितकेच वेळ साधण्याचेही होते. ती वेळ ओळखणारे लोक मलबारच्या पावसात वाढलेले स्थानिक अधिकारी आणि मजूर होते. कोनोलींचे नाव प्लॉटला मिळाले आणि चातू मेनन यांचे नाव अभ्यासकांपुरते राहिले. ज्यांनी हातांनी रोपे लावली त्यांची नावे तर कोठेच आली नाहीत.

दूरच्या प्रवासाचा धडा: सिंकोना

रोपाचा प्रवास लांबला की काय होते, याचे एक बोलके उदाहरण त्याच शतकातील सिंकोनाचे आहे. हे वनीकरणाचे उदाहरण नाही. हिवतापावरील क्विनाइन ज्या झाडाच्या सालीपासून मिळते त्या झाडाचे आहे. परंतु रोपे वाहून नेण्याचा प्रश्न तोच होता.

लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना 1829 साली असे आढळले होते की, बंद काचेच्या भांड्यात ओली माती असेल तर रोप बाहेरून पाणी न घालताही दीर्घकाळ जगते. पानांतून निघालेले बाष्प काचेवर जमून परत मातीत जाते. या तत्त्वावर बनवलेल्या काचेच्या पेट्यांमुळे समुद्रमार्गे रोपे नेणे शक्य झाले. 1860 साली क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी पेरूच्या डोंगरातून सिंकोनाची रोपे अशाच पेट्यांतून भारतात आणली. ती थेट न येता पनामा आणि इंग्लंडमार्गे, पुढे तांबड्या समुद्राची उष्णता सोसत मुंबईला आली आणि तेथून उटीला गेली. इतक्या प्रवासानंतर त्यांतील जवळजवळ सर्व रोपे मेली. पुढच्याच वर्षी इक्वेडोरमधून रिचर्ड स्प्रूस यांनी मिळवलेली आणि रॉबर्ट क्रॉस यांनी सोबत राहून आणलेली रोपे मात्र मोठ्या संख्येने जिवंत पोहोचली. उटीच्या बागेत विल्यम मॅकआयव्हर यांनी त्यांपासून पुढची लागवड वाढवली.

पेट्या दोन्ही वेळा तशाच होत्या. फरक मार्गाचा, हंगामाचा आणि वाटेत घेतलेल्या काळजीचा होता. साधन तेच असूनही हाताळणी बदलली की परिणाम बदलतो, हा या उदाहरणाचा धडा आहे आणि तो पुढच्या संपूर्ण इतिहासाला लागू पडतो.

वाटच टाळण्याची पद्धत: टौंग्या

रोपाचा प्रवास इतका धोक्याचा असेल तर तो टाळता येईल का? ब्रह्मदेशात याचे एक उत्तर सापडले. डीट्रिश ब्रँडिस हे 1856 साली पेगू प्रांतातील वनांचे प्रमुख म्हणून रुजू झाले आणि 1864 साली भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. ब्रह्मदेशातील करेन शेतकरी डोंगरउतारावरील जंगल तोडून, जाळून तेथे फिरती शेती करत. या शेतीला तेथे 'टौंग्या' म्हणत. वनखात्याने या शेतकऱ्यांना त्यांच्या पिकाबरोबरच ओळीत साग लावायला सांगितले. शेतकरी आपल्या पिकाची निंदणी करत, त्यात सागाचीही निंदणी होई. दोन-तीन वर्षांनी शेतकरी पुढच्या जागेवर जात आणि मागे सागाचे रान उरे. ही पद्धत पुढे बंगाल, संयुक्त प्रांत, केरळ अशा अनेक भागांत पसरली.

तांत्रिक दृष्टीने पाहिले तर टौंग्या पद्धतीत रोपवाटिका आणि लागवडीची जागा यांतील अंतर जवळजवळ नाहीसे होते. बी जागेवरच पेरता येते किंवा रोपे शेजारीच तयार होतात. सामाजिक दृष्टीने पाहिले तर चित्र वेगळे आहे. झाडे जगवण्याचे कष्ट शेतकऱ्याचे आणि झाडे सरकारची, असा हा व्यवहार होता. अनेक ठिकाणी टौंग्या शेतकऱ्यांच्या वस्त्या वनखात्याच्या मर्जीवर अवलंबून राहिल्या आणि त्यांच्या जमिनीच्या हक्कांचा प्रश्न पुढे अनेक दशके सुटला नाही. रोपाचा प्रवास वाचवण्याची किंमत माणसांनी चुकवली, असे म्हणता येईल.

पाने काढून टाकलेले रोप: सागाचा स्टंप

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सागलागवडीत एक महत्त्वाचा बदल झाला. एक वर्षाचे सागाचे रोप वाफ्यातून खणून काढायचे; खोड मातीलगतच्या भागाच्या वर दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कापायचे; सोटमूळ साधारण 15 ते 20 सेंटिमीटर ठेवून बाकीचे छाटायचे; आजूबाजूची मुळे तासून टाकायची. हातात उरतो तो अंगठ्याएवढ्या जाडीचा, पान नसलेला एक तुकडा. याला स्टंप म्हणतात. महाराष्ट्रात 'जडी' असाही शब्द चालतो.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की हा मेलेला तुकडा आहे. परंतु वर सांगितलेले वनस्पतिशास्त्र आठवा. पाने नाहीत, त्यामुळे पाण्याचा खर्च नाही. बारीक मुळे नाहीत, त्यामुळे सुकून जाण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. जाड सोटमुळात मात्र अन्नाचा साठा आहे. ओलावा आणि ऊब मिळाली की वरून कोंब फुटतो आणि खालून नवी मुळे फुटतात. स्टंपच्या जुड्या बांधून, ओल्या गोणपाटात गुंडाळून लांबवर नेता येतात. सावलीतील खड्ड्यात वाळूचे थर देऊन त्या बरेच दिवस साठवताही येतात. लावण्यासाठी मोठा खड्डाही लागत नाही. पहारीने भोक पाडायचे, स्टंप उभा सोडायचा आणि बाजूची माती घट्ट दाबायची. स्टंप पाऊस सुरू होण्याच्या थोडे आधीही लावता येतो, त्यामुळे पहिल्या पावसाचा पूर्ण फायदा मिळतो.

या पद्धतीने लागवडीचा खर्च आणि जोखीम दोन्ही कमी केले. शिसू आणि शिवण यांसारख्या जातींतही ती चालली. सर्व जातींना मात्र ती लागू पडली नाही. सालवृक्षाचे उदाहरण घ्या. सालाचे बी पावसाळ्याच्या तोंडावर पडते आणि त्याची उगवणशक्ती जेमतेम आठवडाभर टिकते. ते साठवता येत नाही, आणि सालाचे रोप उपटून दुसरीकडे लावणेही फार अवघड आहे. त्यामुळे मध्य आणि उत्तर भारतातील सालवनांच्या व्यवस्थापनात नैसर्गिक पुनरुत्पादनावर भर राहिला. साग मात्र त्याच्या मूळ प्रदेशाबाहेरही रांगांनी लावला गेला.

येथे घाईने निष्कर्ष काढू नका. साग पसरला याचे मुख्य कारण त्याच्या लाकडाची किंमत हेच होते. परंतु किमतीबरोबरच तो साठवायला, वाहायला आणि लावायला सोपा होता, हे कारणही मोजायला हवे. एकाच जातीच्या लागवडींवर पुढे जी टीका झाली, ती वाचताना हा मुद्दा लक्षात ठेवा. जे रोप सहज वाहून नेता येते ते अधिक लावले जाते, आणि जे नेता येत नाही ते हळूहळू योजनांमधून गळते.

थंडीत झोपलेली रोपे: अमेरिकेतील अनुभव

आता थोडा वेळ भारताबाहेर जाऊ, कारण तुलनेमुळे भारताची अडचण अधिक स्पष्ट होते. समशीतोष्ण प्रदेशातील झाडे हिवाळ्यात सुप्तावस्थेत जातात. त्या काळात रोप उपटले तर ते फारसे दुखावत नाही. म्हणून युरोपात आणि उत्तर अमेरिकेत उघड्या मुळांची रोपे हिवाळ्यात उपटणे, मुळांभोवती ओले शेवाळ गुंडाळणे, जुड्या बांधणे आणि लागवडीच्या जागी पोहोचल्यावर चर खणून मुळे तात्पुरती मातीने झाकून ठेवणे, अशी पद्धत रुळली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शीतगृहे आली. गोठणबिंदूच्या आसपासच्या तापमानात रोपे काही महिनेही ठेवता येऊ लागली.

1930 च्या महामंदीत अमेरिकेच्या सरकारने बेरोजगार तरुणांसाठी 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर' ही संस्था काढली. 1933 ते 1942 या काळात या तरुणांनी सुमारे 3 अब्ज झाडे लावली. इतक्या मोठ्या कामात रोपांची प्रतवारी कशी करावी, हा प्रश्न आला. सर्वसाधारण समज असा होता की उंच, जाड आणि टवटवीत रोप चांगले. दक्षिणेकडील पाइन वृक्षांवर अनेक वर्षे काम केलेल्या फिलिप वेकली या वनसंशोधकाने या समजाची तपासणी केली. दिसायला उत्तम असलेली रोपे कधी मोठ्या प्रमाणात मरतात आणि दिसायला सामान्य असलेली जगतात, असे त्यांना आढळले. 1948 साली त्यांनी असा विचार मांडला की बाह्य रूपावरून केलेल्या प्रतवारीइतकीच रोपाची आतली शारीरिक अवस्था महत्त्वाची आहे. 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियातील एडवर्ड स्टोन यांनी रोपाची नवी मुळे फोडण्याची क्षमता मोजून हा विचार पुढे नेला. रोप कधी उपटले आणि कसे साठवले, यावर ही क्षमता अवलंबून असते.

भारताच्या बहुतेक भागांत हे उत्तर चालण्यासारखे नव्हते. येथे लागवडीचा हंगाम पावसाळा, आणि त्या वेळी रोपे झोपलेली नसतात, तर जोमाने वाढत असतात. शिवाय पाऊस चार महिन्यांचा. लागवड लांबली तर रोपाला मुळे धरायला वेळच उरत नाही. म्हणून भारतात रोपाला थंडीने झोपवण्याऐवजी मातीसकट नेण्याचा मार्ग महत्त्वाचा ठरला.

मातीसकट रोप: द्रोणापासून पॉलिथिनच्या पिशवीपर्यंत

मुळाभोवतीचा मातीचा गोळा न फोडता रोप नेणे ही माळ्यांची जुनीच पद्धत. वनखात्यानेही बांबूच्या टोपल्या, पानांचे द्रोण, मातीच्या कुंड्या असे अनेक प्रकार वापरले. मात्र ही साधने एक तर जड होती किंवा लवकर कुजणारी. लाखोंच्या संख्येत ती तयार करणे कठीण होते.

स्वातंत्र्यानंतर रोपांची गरज एकदम वाढली. 1950 साली केंद्रीय मंत्री क. मा. मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. 1952 च्या राष्ट्रीय वननीतीने देशाचा एक तृतीयांश भूभाग वनाखाली असावा असे उद्दिष्ट ठेवले. 1976 साली राष्ट्रीय कृषी आयोगाने सामाजिक वनीकरणाची शिफारस केली आणि गावांची पडीक जमीन, रस्त्यांच्या व कालव्यांच्या कडा आणि शेतांचे बांध यांवर झाडे लावण्याच्या मोठ्या योजना राज्याराज्यांत सुरू झाल्या. आता रोपे जंगलातील वाफ्यातून शेजारच्या जागेवर जाणार नव्हती. ती दूरच्या गावी, शाळेत आणि शेतकऱ्याच्या बांधावर जाणार होती. ही गरज काळ्या पॉलिथिनच्या पिशवीने भागवली. ती स्वस्त, हलकी आणि टिकाऊ होती. रोप काही महिने पिशवीत राहू शकत होते आणि पाऊस लांबला तरी थांबू शकत होते.

या सोयीचे तोटेही लवकरच दिसले. पिशवीत रोप जास्त काळ राहिले की सोटमूळ तळाशी पोहोचून गोल गोल वळते. असे रोप लावल्यावर वर्ष-दोन वर्षे बरे दिसते, पुढे मात्र त्याची वाढ खुंटते किंवा ते वाऱ्याने कलते. पिशवी तळातून फाटली तर मूळ खालच्या जमिनीत घुसते आणि रोप उचलताना तुटते. लावताना पिशवी न काढता रोप तसेच खड्ड्यात टाकले जाते, हेही अनेक ठिकाणी घडले. टेम्पोत रोपे एकावर एक रचली की मातीचे गोळे फुटतात आणि मातीसकट नेण्याचा हेतूच वाया जातो. रोप खोडाला धरून उचलल्यासही तेच होते.

यावर पुढे रूट ट्रेनर हे साधन आले. यात आतून उभ्या कडा असलेले आणि तळाशी उघडे असलेले कप्पे असतात. कडांमुळे मूळ गोल न वळता सरळ खाली जाते आणि तळाशी हवा लागली की त्याचे टोक आपोआप सुकून थांबते. त्यामुळे आतल्या बाजूला भरपूर बारीक मुळे फुटतात. मात्र कप्प्यात माती थोडी असल्याने पाण्याची पाळी चुकवून चालत नाही आणि कोरडवाहू माळरानावर छोटे रोप टिकणे अवघड जाते. म्हणजे प्रत्येक साधनाने एक प्रश्न सोडवला आणि दुसरा पुढे आणला.

अंतर कमी करण्याचा दुसरा मार्ग

साधने बदलत असताना काही ठिकाणी अंतरच कमी करण्याचा प्रयत्न झाला. गढवालमध्ये 1973 साली सुरू झालेल्या चिपको आंदोलनाचे नाव तुम्हाला माहीत आहे. झाडांना मिठी मारण्याचा प्रसंग पाठ्यपुस्तकांत येतो. त्यानंतरचे काम मात्र कमी माहीत आहे. चंडीप्रसाद भट्ट आणि दशोली ग्राम स्वराज्य मंडळ यांनी गावोगावी शिबिरे भरवून उघड्या पडलेल्या उतारांवर झाडे लावली. गावच्या स्त्रियांच्या मंडळांनी ती राखली. या लागवडीत रोपे जगण्याचे प्रमाण सरकारी लागवडीपेक्षा बरेच चांगले असल्याचे त्या काळच्या पाहण्यांत दिसून आले. याची कारणे अनेक आहेत. कोणती जात लावायची हे गाव ठरवत होते आणि राखणही गावाची होती. लावणाऱ्यालाच पुढे चारा आणि सरपण मिळणार असल्याने रोप हाताळण्यातही निष्काळजीपणा होत नव्हता.

1980 च्या दशकात गुजरात आणि अन्य काही राज्यांनी शेतकरी आणि शाळा यांच्याकडून छोट्या रोपवाटिका चालवून घेतल्या. रोपे गावातच तयार झाली, तर वाहतूक कमी होते आणि पाऊस पडताच लावता येतात. केनियात वंगारी मथाई यांनी 1977 साली सुरू केलेल्या ग्रीन बेल्ट चळवळीत तर स्त्रियांना मोबदला मिळे तो जगलेल्या रोपांमागे. लावणाऱ्याचे लक्ष कोठे राहावे, हे मोबदल्याच्या पद्धतीने ठरते.

आकडे कसे वाचावेत?

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याला सर्वांत उपयोगी मुद्द्याकडे येऊ. वनखात्याच्या वार्षिक अहवालांत लावलेल्या रोपांची संख्या आणि लागवडीखालील क्षेत्र ठळकपणे दिलेले असते. उत्तर प्रदेशात 11 जुलै 2016 रोजी एका दिवसात सुमारे 5 कोटी रोपे लावली गेली आणि त्याचा जागतिक विक्रम नोंदवला गेला. महाराष्ट्रातही 2016 ते 2019 या वर्षांत कोट्यवधी रोपांच्या मोहिमा झाल्या. अशा आकड्याकडे पाहताना काही प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या. ही रोपे कोठे तयार झाली? ती किती महिन्यांची होती? लागवडीच्या जागी ती किती दिवस आधी पोहोचली आणि तेथे सावली व पाणी होते का? दिवस पावसाने ठरवला की कार्यक्रमाने?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. सरकारी आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असे चालते. पावसाळी लागवडीची रोपे मात्र निदान काही महिने आधी, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षातच, पेरावी लागतात. निधी उशिरा मंजूर झाला तर रोपे कोवळी राहतात. मागच्या वर्षी उरलेली रोपे वापरली तर त्यांची मुळे वळलेली असतात. दोन्ही प्रसंगी 'लावलेली रोपे' या रकान्यातील आकडा सारखाच असतो.

2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यात अनेक दशके झालेल्या सरकारी वृक्षलागवडीचा वनाच्छादनावर काय परिणाम झाला हे तपासले गेले. लागवडीमुळे वनाच्छादन वाढल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. याचा सर्व दोष रोपांच्या हाताळणीवर टाकता येणार नाही. चुकीची जागा, चराई, जातींची निवड अशी अनेक कारणे असतात. परंतु लावलेल्या रोपांची संख्या म्हणजे वाढलेले वन नव्हे, एवढे त्यावरून सिद्ध होते.

दुसरा मुद्दा पुराव्यातील मौनाचा आहे. पिशव्या भरणे, रोपे एका जागेवरून दुसरीकडे सरकवणे, निंदणी, झारीने पाणी घालणे, रोपे उचलून गाडीत ठेवणे ही कामे देशभरातील रोपवाटिकांत मोठ्या प्रमाणावर रोजंदारीवरील स्त्रिया करतात. मातीचा गोळा न फोडता पिशवी कशी फाडावी आणि कोणते रोप जगणार नाही, हे ज्ञान त्यांच्या हातात असते. अहवालात त्यांची नोंद 'मनुष्यदिवस' या शब्दात होते. म्हणून या विषयाचा इतिहास लिहायचा असेल तर कागदपत्रांबरोबर मौखिक मुलाखतींचा आधार घ्यावाच लागेल.

समारोप

निलंबूरच्या वाफ्यापासून रूट ट्रेनरपर्यंत सुमारे पावणेदोनशे वर्षांचा हा प्रवास आपण पाहिला. या काळात बी, स्टंप, पिशवी आणि कप्पा अशी साधने बदलली. प्रत्येक वेळी उपटणे आणि लावणे यांमधील काळ रोपाला सोसता यावा, हाच हेतु होता. जेथे हा काळ लहान होता किंवा रोपाच्या जगण्यात हाताळणाऱ्यांचा वाटा होता, तेथे लागवड टिकली. जेथे फक्त आकडा पूर्ण करायचा होता, तेथे रोप वाटेतच मेले आणि कागदावर मात्र जिवंत राहिले.

पुढच्या पावसाळ्यात तुमच्या हातात रोप येईल तेव्हा ते खोडाला न धरता पिशवीला धरा, पिशवी कापून वेगळी काढा, मुळे वळली आहेत का ते पाहा, आणि ते रोप किती दिवसांपूर्वी कोठून निघाले हे विचारा. त्या चौकशीतून तुम्हाला तुमच्या गावातील वनीकरणाचा इतिहास लिहायला सुरुवात करता येईल.

स्वाध्याय

1. सागाचा स्टंप दीर्घकाळ साठवता येतो, पण सालाचे बी साठवता येत नाही. या फरकाचा वनव्यवस्थापनावर काय परिणाम झाला असावा, ते स्पष्ट करा.
2. समशीतोष्ण देशांतील रोपे साठवण्याची पद्धत भारतातील बहुतेक भागांत का चालली नाही?
3. टौंग्या पद्धतीचे तांत्रिक फायदे आणि सामाजिक परिणाम यांची चर्चा करा.
4. तुमच्या परिसरातील एका रोपवाटिकेला भेट द्या. तेथे काम करणाऱ्या दोन व्यक्तींशी त्यांच्या संमतीने बोला आणि गेल्या दहा वर्षांत रोपे हाताळण्याच्या पद्धतीत काय बदल झाले, याची टिपणे तयार करा.